शेपूट नव्हे, वेणी

आबांचा गाळा बंद होतोय आणि आतलं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन दिवाळीनंतर अहमदाबादचा एक माणूस घेऊन जाणार, हे वहिनीनं मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा रिंगरोडच्या मार्केटमध्ये माझ्या लेसच्या दुकानात बसून रायपूरच्या एका व्यापाऱ्याशी भांडत होते. सकाळपासून त्यानं मला पिळून काढलं होतं आणि मी त्याला. फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, "घे तुझ्या भावानं. जा." दुकानातल्या पोरी माझ्याकडे बघतच राहिल्या. तो व्यापारीही घाबरला. मालात काहीतरी खोट असणार असं वाटून त्यानं रोल पुन्हा उलगडून पाहिले.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. अमळनेरकडून सुरतेला आलेल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात लूमखात्यातून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, आधी बाहेर पडले ते आबाच. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी एक गाळा घेतला आणि त्यात व्हिडिओ गेमची मशीनं लावली. गल्लीला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! बाकीची मशीनं आली आणि गेली. एक मात्र कायम राहिलं, कारण ते मशीन नव्हतं. ते मारुतीचं मशीन होतं.

त्या खेळात एक उंच इमारत पेटलेली असायची. खिडक्याखिडक्यांतून ज्वाळा. एक बुटकी आकृती शिड्या चढत, गच्च्यांवरून उड्या मारत वर जायची, आणि उडी मारली की तिच्यामागे एक लांब काळी रेघ हवेत वळायची. मशीन नकली होतं, कुठल्या तरी मूळ खेळाची उतरवलेली प्रत. सुरुवातीचं चित्र यायचं तिथं नुसते रंगीत पट्टे यायचे. त्यामुळे हा कोण, इथं काय करतोय, हे सांगायला पडद्यावर काहीच नव्हतं. पण आमच्या गल्लीला सांगायची गरजही नव्हती. आग आहे, उंच उंच माड्या आहेत, उड्या आहेत, हातात ठोकळा आहे ती गदाच, शेपूट आहे. लंकादहन! आबांनी बोर्ड रंगवणाऱ्याला बोलावून मशीनच्या कपाळावर प्लायवूडवर मारुतीराया काढून घेतले. शनिवारी मशीनला रुईच्या पानांची माळ पडायला लागली. पोरं चप्पल बाहेर काढून खेळायची.

आणि मारुतीचं मशीन म्हटल्यावर त्याला पोरीबाळींनी हात लावायचा नाही, हेही ओघानं आलंच. बाकीच्या मशीनवर एखादी पोर भावाच्या मागे लागून खेळून जायची. याच्यावर नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर कुणीतरी त्यावरून वाद घालेल. मारुतीरायाशी माझं भांडण नाही. आमच्या गावच्या देवळात मी आजही ओट्याखाली उभी राहून हात जोडते. माझं भांडण आबांशी आहे.

मी तेव्हा सातवीत होते. आमच्या घरी जेकार्डच्या डिझाइनचे ग्राफ भरायचं काम यायचं. साडीच्या काठावर मोर विणायचा तर आधी तो चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो. एक घर म्हणजे एक धागा. कुठलं घर भरायचं आणि कुठलं कोरं ठेवायचं, यावर मोराचा मोर होतो नाहीतर बदक होतं. कतारगामच्या एका डिझाइनवाल्याकडून वडील कागद आणायचे आणि आई नि मी बसून घरं भरायचो. त्यामुळे आबांच्या गाळ्याच्या दाराशी उभी राहून मी तो पडदा बघायचे, तेव्हा इतरांना जो मारुती दिसायचा तो मला दिसायचाच नाही. मला घरं दिसायची. आणि ती काळी रेघ जिथून सुरू व्हायची ते घर कमरेचं नव्हतं. ते मानेचं होतं.

मानेतून कुणाला शेपूट फुटतं?

एकदा दुपारी मी ते मोठ्यानं बोलले. गाळा पोरांनी भरलेला. मी आत गेले, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आबा, हे शेपूट नाही. वेणी आहे. ही बाई आहे."

पोरं जी हसली, जी हसली! बोट ठेवायच्या नादात माझा दुसरा हात हँडलवर पडला होता. आबा ओरडले, "ए पोरी, हात काढ! हाई मारुतीनं मशीन शे. तुले जास्त समजस का?" मनगटाला धरून त्यांनी मला बाहेर काढलं. तेही मी विसरले असते. लहानपणी मार, ओरडा सगळ्यांनाच मिळतो. पण मग त्यांनी ओलं फडकं घेतलं, मी हात लावलेलं हँडल पुसलं, काच पुसली, आणि उदबत्ती लावून मशीनला ओवाळली. सगळ्या गल्लीसमोर. मी दारात उभी. माझ्या हाताला शाई लागलेली होती, शेण नव्हे.

त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव 'वेणी' पडलं. "ए वेणी, तुझी बाई भेटली का?" माझ्या हळदीला आबांनी हा किस्सा माझ्या सासरच्यांना रंगवून सांगितला. माझ्या मुलीच्या बारशाला पुन्हा सांगितला. मधल्या काळात मी नवऱ्याच्या आजारपणात घरात बसून लेस कापली, मग लेस विकली, मग दुकान घेतलं, मग सुरतेबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या मशीनवर लेस विणायला लागले. मार्केटमध्ये माझ्याशी भाव करायचा म्हणजे लोक आधी पाणी पिऊन येतात. पण कुठल्याही लग्नात आबा दिसले की मी पुन्हा सातवीतली. "या वेणीबाई!" की सगळे हसणार, आणि माझ्या कानशिलाला आग लागणार.

तर वहिनीचा फोन आला. ही वहिनी म्हणजे आबांची सून. माझ्याहून बरीच लहान, जिभेची तिखट. तिनं सांगितलं की तो अहमदाबादवाला जुनी मशीनं गोळा करतो आणि मोठ्या हॉलमध्ये मांडून लोकांना खेळायला देतो. म्हणजे मशीन जाणार. आणि 'वेणी' मात्र माझ्या नावावर राहणार. हे मला चालणार नव्हतं.

संध्याकाळी मी मुलीला कामाला लावलं. ती कम्प्युटरचं शिकते. मी तिला इमारत सांगितली, शिड्या सांगितल्या, वेणी कागदावर घरं आखून काढून दाखवली. तिला शोधायला दोन दिवस लागले. मूळ खेळ सापडला आणि तिनं तो माझ्या फोनवर घालून दिला. सुरू केला तर पहिलंच चित्र समोर आलं. आमच्या मशीनवर जिथं पट्टे यायचे तिथं एक बाई उभी! डोक्याला फडकं बांधलेलं, हातात पाण्याची बादली आणि पाठीवर ही एवढी वेणी. मी दुकानात होते. माझ्या तोंडून एक शिवी गेली, ती आनंदाची होती.

मुलगी म्हणाली, "आई, तुला माहितीये का, त्या काळच्या खेळांत बाई असायची ती बहुतेक वरच्या मजल्यावर कोंडलेली. खालून कुणीतरी पुरुष येणार नि तिला सोडवणार. नाहीतर आधीच्याच पुरुषाच्या डोक्यावर एक रिबन चिकटवायची नि म्हणायचं, घ्या, ही बाई. स्वतः शिडी चढणाऱ्या अगदी थोड्या. त्यातली ही एक."

मी त्यावर बराच विचार केला. असा खेळ काढणाऱ्याकडे घरं किती असतात? मूठभर. तेवढ्यात डोकं, हात, पाय, बादली बसवायची. ग्राफ भरणाऱ्या माणसाला विचारा, तिथं एकही घर फुकट जात नाही. तरीही ज्यानं ही काढली त्यानं, किंवा जिनं, चांगली पाच घरं वेणीला दिली. आणि उडी मारल्यावर वेणी अंगामागून किंचित उशिरा वळेल अशी सोय केली. म्हणजे ही बाई आहे हे लोकांना दिसावं अशी कुणाची तरी जिद्द होती. आणि आम्ही तिला शेपूट म्हणून उदबत्ती ओवाळत होतो.

दिवाळीच्या गर्दीतसुद्धा मी रोज खेळले. दुकानात गिऱ्हाईक "बेन, जरा बताओ" म्हणत उभं आणि मी तिसऱ्या मजल्यावर. पडायचे, पुन्हा चढायचे. शेवटचा मजला पार केल्यावर काय होतं ते पाहिलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून एकटीच हसत बसले. मालाचा शेवटचा वार उलगडून बघितल्याशिवाय मी सौद्याला बसत नाही. आता मी बघितला होता.

आबांना सरळ जाऊन फोन दाखवता आला असता. मुलगी तेच म्हणत होती. पण आबांना मी ओळखते. ते म्हणाले असते, तो तुझा वेगळा खेळ, माझा वेगळा. जे व्हायचं ते त्याच मशीनवर, त्याच गाळ्यात, दार उघडं ठेवून व्हायला हवं होतं. आणि एक गोष्ट मला माझ्या धंद्यावरून पक्की माहीत होती. कुठलाही खरेदीदार माल चालवून बघितल्याशिवाय उचलत नाही.

ठरलेल्या रविवारी मी सकाळीच गाळ्यासमोर जाऊन वहिनीच्या ओट्यावर चहा घेत बसले. टेम्पो आला. अहमदाबादवाला तरुण होता, पायात पांढरे बूट. त्यानं मशीन पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि मला जे हवं होतं तेच बोलला. "चाचा, आखिरी स्टेज तक चलता है ना? बोर्ड बीचमें अटक गया तो मेरे काम का नहीं. एक बार पूरा चलाके दिखाओ."

आबांचे हात आता कापतात. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बसला आणि दुसऱ्या मजल्यावर जळून गेला. पुन्हा बसला, पुन्हा जळाला. जुन्या पोरांपैकी दोघं होते, आता टक्कल पडलेले. त्यांचंही तेच. अहमदाबादवाला घड्याळ बघायला लागला.

मी चहाचा कप खाली ठेवला. "मी चालवून दाखवते."

आबा म्हणाले, "तू बाहेर बस."

"बसते. माझं काय जातंय? टेम्पो रिकामा परत जाईल."

"बाईमाणसानं याला हात लावायचा नाही, तुला माहीत आहे."

"मग लावू द्या ना तुमच्या पुरुषमाणसांना. लावलाय की मघापासून."

टक्कलवाल्यांतला एक खिदळला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो भिंतीकडे बघायला लागला. अहमदाबादवाला म्हणाला, "चाचा, खेलने दो ना आंटी को."

"आंटी कुणाला म्हणतोस रे?" मी त्याच्यावर उखडले. तो दोन पावलं मागे सरकला. मग मी आबांकडे वळले. "मी फुकट काम करत नाही. माझा भाव ऐका. मी शेवटपर्यंत गेले, तर मशीनमधला हा कोण आहे ते तुम्ही दारात उभं राहून गल्लीला सांगायचं. आणि मशीन टेम्पोत चढायच्या आधी गल्लीतल्या बाया-पोरी यावर खेळणार."

"आणि नाही गेलीस तर?"

"तर तुमच्या पाया पडून म्हणेन, शेपूटच होतं. पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. म्हणा वेणी, जन्मभर म्हणा."

बोलून गेले खरं. इतकी वर्षं सांभाळलेला राग मी एका डावावर लावला होता. हरले असते तर तोही माझा राहिला नसता.

आबांनी मारुतीरायांच्या चित्राकडे पाहिलं, अहमदाबादवाल्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी अहमदाबादवाल्यालाही विचारलं, "तुला मंजूर? मागाहून कटकट नको." तो घाईत होता. म्हणाला, "हां हां, मंजूर."

मी चप्पल काढली आणि हँडल धरलं.

फोनवर बोट फिरवणं वेगळं आणि हे वेगळं. हँडल जड होतं आणि इतक्या वर्षांच्या पोरांच्या ओढाताणीनं डावीकडे झुकलेलं होतं. पहिला जीव मी पहिल्याच शिडीवर घालवला. मागे हशा पिकला. दुसरा जीव तिसऱ्या मजल्यावर गेला, उरला एकच. चुलतभाऊ म्हणाला, "वेणीबाई, पाया पडायची तयारी करा."

मला असा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि तो संतापच कामाला आला, कारण मी हँडलला हळुवारपणे समजावणं सोडून दिलं. तंटेखोर गिऱ्हाइकाला जसं धरावं तसं घट्ट उजवीकडे ओढून धरलं. ती चढायला लागली. बादली भरायची, ओतायची, उडी, शिडी. मागचं हसणं कधी थांबलं मला कळलं नाही. चौथ्या मजल्यावर वहिनी दारातून आत आली. पाचव्यावर तिच्यामागे आणखी बाया होत्या. कुणीतरी माझा पदर मागून खोचून दिला, कारण तो हातात येत होता. सहाव्यावर खिडकीत एक म्हातारा अडकलेला असतो, त्याला वाचवायला खाली उडी घ्यावी लागते, आणि उडी घेताना वेणी थेट वर, डोक्यावर उभी राहते. मागून एक बाई म्हणाली, "अगो माय, वेणीच तर शे!"

शेवटची ज्वाळा विझली. पडद्यावर अंधार झाला आणि मशीनमधून एक बारीकशी सुरावट आली. इतक्या वर्षांत ती त्या गाळ्यात कुणीच ऐकली नव्हती. कारण शेवटापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

मग चित्र आलं. विझलेली इमारत. रस्त्यावर वाचलेली माणसं रांगेत उभी. आणि ती इमारतीच्या पायरीवर येऊन बसली, बादली शेजारी ठेवली, वेणी पुढे घेतली, सोडली, आणि नव्यानं घालायला लागली. शांतपणे. जगाला जणू कसली घाई नाही.

वहिनी मोठ्यानं म्हणाली, "आबा, मारुतीराया वेणी घालायला बसले का हो?"

गल्ली फुटली. बाया तोंडाला पदर लावून, न लावून, एकमेकींना धरून हसत होत्या. टक्कलवाला भिंतीवर डोकं टेकून हसत होता. मी वळून आबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. खिशातून चष्मा काढला, काचेजवळ गेले आणि पार वाकून बघत राहिले. पायरीवरची ती दुसरा पेड घेत होती.

"म्हणजे हाई आग लावी नही ऱ्हायनी," ते हळूच म्हणाले. "विझाडी ऱ्हायनी."

"हो आबा. विझवतेय. केव्हापासून."

ते दारात गेले. मला वाटलं, पुटपुटतील आणि सटकतील. पण सौदा म्हणजे सौदा, हे आमच्या घराण्यात सगळ्यांच्या रक्तात आहे. त्यांनी घसा खाकरला आणि लूमच्या खडखडाटावर आवाज चढवायची जुनी सवय होती त्या आवाजात ओरडले, "बाई शे! ऐका रे, मशीनमां बाई शे! पोर खरं बोलनी व्हती!"

माझी माफी मागितली नाही. फडकं, उदबत्ती, याबद्दल चकार शब्द नाही. उलट आत येऊन म्हणाले, "त्या रंगवणाऱ्यानं फसवलं मला." जणू त्या बिचाऱ्यानं स्वतःच्या मनानं मारुती काढला होता. ते मी अजून त्यांच्या नावावर ठेवलेलं आहे. मारुतीरायांचं चित्र मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं जपून उतरवलं आणि घरात देव्हाऱ्याशेजारी लावलं. तिथं ते शोभतंही.

अहमदाबादवाला खूश होता. "बोर्ड एकदम बढिया. चलो, उठाओ."

"थांब," मी म्हटलं. "आधी बाया-पोरी खेळणार."

पहिल्यांदा वहिनी बसली. मग तिची शेजारीण. मग साड्यांना खडे लावणाऱ्या दोघी, हाताला गोंद तसाच. मग शाळेतल्या पोरी, एकमेकींना कोपरानं ढकलत. बातमी मागच्या गल्लीत गेली तशी रांग नळापर्यंत पोचली. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. अहमदाबादवाला माझ्याजवळ आला. "बेन, और कितनी?"

"गल्लीतल्या सगळ्या."

"सब? कितनी बार?"

"ते कुठं ठरलं होतं?" मी म्हटलं. "तू मंजूर म्हणालास. किती जणी, किती वेळा, कुठल्या तारखेपर्यंत, काही विचारलंस? मी तर तुला विचारायला थांबले होते."

त्यानं आबांकडे बघितलं. आबा खडे लावणाऱ्या पोरीच्या शेजारी उभे राहून "उडी घे, उडी! बादली आधी भर ना!" म्हणून ओरडत होते. त्यांचं इकडे लक्षच नव्हतं. टेम्पो रिकामा परत गेला.

मशीन अजून तिथंच आहे आणि गाळाही बंद झालेला नाही. दुपारी बायांची वेळ असते. पोरगे बाहेर उभे राहून वाट बघतात आणि कुरकुर करतात. मी शनिवारी जाते. परवा गेले तर सातवीतल्या एका पोरीनं माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण केलेले. चौथ्या मजल्यावर ती आगीच्या उलट बाजूनं कशी वर गेली ते माझ्या लक्षात येईना. इतकी वर्षं मी तो खेळ डोक्यात खेळले आहे, पण ती वाट मला कधी दिसली नव्हती. मला राग आला. मग तिला बाजूला घेऊन विचारलं, "कशी गेलीस गं तिकडून?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी काय देणार ते बोला."